आट्याला आटा जुळवणारे लक्ष्मणराव

देवळा : कसमादे पट्ट्यातल्या कोणत्याही गावात उन्हाळ्यात विहिरीवरचा पंप उघडला की सगळे काम अखेरीस एखाद्या बोल्टापाशी येऊन थांबते. गंजलेला बोल्ट छिन्नीने तोडला जातो, नवा आणायला कोणी तरी देवळ्याच्या किंवा सटाण्याच्या बाजारात धाडला जातो, आणि दुकानदार त्याला एवढेच विचारतो, किती सुताचा? तीन सूत, चार सूत, पाच सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. उत्तर मिळाले की खोक्यातून बोल्ट निघतो, आणि तो कोणत्या गावी, कोणत्या कारखान्यात घडला याचा विचार न करता माणूस तो घेऊन शेतावर परततो. तिथे जुन्या नटात नवा बोल्ट बसतो. बसणारच, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

हे गृहीत धरणे फार जुने नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी मुलखात शेतीचे अवजार म्हणजे गावच्या सुताराने आणि लोहाराने त्या एका शेतकऱ्यासाठी, त्याच्या बैलांच्या उंचीप्रमाणे घडवलेली वस्तू होती. एका नांगराचा भाग दुसऱ्याला लागत नसे, आणि लागावा अशी कोणाची अपेक्षाही नसे. एकाच मापाचे हजार भाग बनवायचे आणि त्यांतला कोणताही भाग कोणत्याही अवजाराला बसला पाहिजे, ही कल्पना या भागात ज्यांनी कारखाना काढून प्रत्यक्षात आणली, त्यांत सर्वांत ठळक नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे. नांगर, पंप आणि इंजिने यांमुळे ते सर्वांना ठाऊक आहेत. मात्र त्यांच्या उद्योगाचा प्रवास एका सायकलच्या दुकानापासून आट्यांची यंत्रे बनवणाऱ्या हरिहरच्या कारखान्यापर्यंत कसा पोहोचला, याकडे फारसे लक्ष जात नाही.

रंग हुकले, रेषा सापडल्या

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात यंत्राचा संबंध शोधूनही सापडला नसता. लक्ष्मणरावांना शाळेच्या अभ्यासात गोडी नव्हती. चित्रे काढणे आणि हाताने काही तरी खटपट करत राहणे एवढेच त्यांना आवडे. थोरले बंधू रामूअण्णा यांनी त्यांची बाजू घेतली, पैशाचा भार उचलला आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षांनी लक्षात आले की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता असणार? रंगकाम सुटले. राहिले ते रेखाटन, आणि त्यातही यांत्रिक रेखाटन, जिथे रंगाला काही किंमत नसते आणि रेषेच्या जाडीला व मापाला सगळी किंमत असते. या कौशल्यावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली. ही संस्था १८८७ मध्ये मुंबईत सुरू झाली होती. वर्गात ते रेखाटन शिकवत आणि मोकळ्या वेळात संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन यंत्रे हाताळत. तिथल्या यंत्रांनीच त्यांना खरे शिक्षण दिले, असे म्हणायला हरकत नाही. पदवी किंवा प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नव्हते.

याच काळात त्यांना सायकल दिसली. तिची ओढ इतकी वाटली की दोघा भावांनी तिचाच व्यापार सुरू केला. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने सायकलींचे छोटे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा त्या बेळगावात विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत.

सायकल म्हणजे आट्यांची चालती-बोलती शाळाच. चाकांच्या आसाला आटे, आऱ्यांच्या टोकांना बारीक आटे, मानेला आटे. पायडलांची तऱ्हा तर निराळीच. उजव्या पायडलचे आटे सुलटे आणि डाव्याचे उलटे असतात, नाही तर पाय मारता मारता डावे पायडल आपोआप सैल होत जाऊन गळून पडेल. ज्याला सायकल दुरुस्त करायची आहे त्याला कोणता बोल्ट कोणत्या दिशेने फिरतो आणि एका इंचात किती आटे आहेत हे हाताला ठाऊक असावे लागते. भाग परदेशी, दुकान बेळगावात आणि सुटा भाग जहाजातून यायचा, अशी त्या धंद्याची परिस्थिती होती.

मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन उमेदवाराला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. त्या काळी सरकारमान्य संस्थेतली कायम नोकरी सोडून लोखंडाच्या धंद्यात पडणे म्हणजे घराण्याच्या दृष्टीने पायरी उतरणे होते. ब्राह्मण घरातल्या मुलाने लोहाराची कामे करावीत, हे अनेकांना रुचणारे नव्हते. आज हे वाचताना साधे वाटते. तेव्हा ते तसे नव्हते.

नांगर विकेना

बेळगावच्या लहान कार्यशाळेत प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. मग लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर हाती घेतला. परदेशी नांगर त्यांनी पाहिले होते, आणि आपल्या काळ्या जमिनीत खोल जाईल असा नांगर इथेच ओतता येईल अशी त्यांची खात्री होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झालेला हा नांगर भारतीय कारखान्यात बनलेल्या पहिल्या लोखंडी नांगरांमध्ये गणला जातो.

नांगर तयार झाला, पण विकेना. लोखंडाने जमीन विषारी होते आणि पीक जळते, असा समज शेतकऱ्यांत पक्का होता. वर्षे जात होती आणि माल पडून राहत होता. या अंधश्रद्धेची गोष्ट किर्लोस्करांच्या प्रत्येक चरित्रात येते आणि वाचक शेतकऱ्याच्या अडाणीपणावर हसून पुढे जातो. हे हसणे थोडे अन्यायाचे आहे. शेतकऱ्याच्या शंकेमागे एक व्यवहारही असणारच. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर तो दुरुस्त करून देई, फाळ बोथट झाला तर लोहार शेवटून देई. लोखंडी नांगराचा भाग ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला तर काय करायचे? ओतीव बीड लोहाराच्या भात्यापुढे वाकत नाही, ठोकले तर तुकडे होतात. बेळगाव कुठे आणि शेत कुठे! ज्या वस्तूची दुरुस्ती आपल्या पंचक्रोशीत होत नाही ती विकत घेणे म्हणजे कुणाच्या तरी भरवशावर हंगाम सोडणे होते.

या अडचणीला एकच उत्तर होते : सुटा भाग. लोखंडी नांगराचा फाळ हा झिजणारा भाग असतो. तो बोल्टाने बसवलेला असेल, आणि नवा फाळ जुन्याच्या जागी तंतोतंत बसत असेल, तर शेतकऱ्याला लोहाराची गरज उरत नाही. एक पाना पुरतो. पण त्यासाठी दोन वर्षांपूर्वी विकलेल्या नांगराची भोके आणि आज ओतलेल्या फाळाची भोके एकाच जागी यायला हवीत, बोल्टाची जाडी तीच हवी आणि आटेही तेच हवेत. कारखान्यात एक माणूस नजरेने माप घेत असेल आणि दुसरा अंदाजाने, तर हे होत नाही. यांत्रिक रेखाटनाच्या शिक्षकाला कागदावरच्या मापाचा अर्थ इतरांपेक्षा चांगला कळत असणार, हे उघड आहे. रंग न कळणाऱ्या डोळ्यांना मापातला फरक मात्र लगेच कळे.

आटे पाडणे म्हणजे काय

आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. घाटाचा रस्ता जसा डोंगराला वळसे घालत वर जातो तसा. हा चढ प्रत्येक वळशाला अगदी सारखा हवा, यातच सगळी मेख आहे. चार सुताच्या, म्हणजे अर्धा इंच जाडीच्या जुन्या विलायती मापाच्या बोल्टाला एका इंचात बारा आटे असतात. प्रत्येक आटा इंचाच्या केवळ हजाराव्या भागाने लांबला तर पहिल्या वळशाला काही कळत नाही, पण सहाव्या वळशापर्यंत ही चूक साठत जाते आणि नट अडकतो. जोर केला तर आटे सोलून निघतात. आटे गेले, असे मेकॅनिक म्हणतो ते हेच.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडमध्येसुद्धा बहुतेक आटे हातानेच कोरले जात, आणि प्रत्येक बोल्टाचा नट वेगळा असे. नट बदलला की फजिती, म्हणून उघडलेल्या यंत्राचे बोल्ट आणि नट जोडीने बांधून ठेवत. हेन्री मॉड्स्ले या कारागिराने हे बदलले. वुलविचच्या शस्त्रागारात बाराव्या वर्षी काडतुसे भरायला लागलेला हा मुलगा पुढे जोसेफ ब्रामा या कुलूप बनवणाऱ्याकडे कामाला लागला. पगारवाढ नाकारली गेली तेव्हा १७९७ मध्ये त्याने नोकरी सोडून लंडनमध्ये स्वतःची कार्यशाळा थाटली. नोकरीत डावलला गेलेला माणूस स्वतःचा कारखाना काढतो आणि उद्योगाचे चित्र बदलते, ही गोष्ट मुंबई-बेळगावच्या आधी शंभर वर्षे लंडनमध्ये घडून गेली होती.

मॉड्स्लेपुढचा प्रश्न कोंबडी आधी की अंडे आधी, असा होता. लेथवर आटे पाडायचे तर हत्यार दर फेऱ्याला नेमके तेवढेच सरकले पाहिजे, आणि ते सरकवण्यासाठी लेथमध्येच एक अचूक आट्यांचा लांब दांडा हवा. त्याला लीड स्क्रू म्हणतात. लीड स्क्रूत जी चूक, ती त्यावर कापलेल्या प्रत्येक बोल्टात उतरणार. मग पहिला अचूक लीड स्क्रू आणायचा कुठून? मॉड्स्लेने मऊ धातूच्या आणि लाकडाच्या दांड्यांवर तिरपी सुरी टेकवून दांडे फिरवले, सुरीने आपोआप आटे कोरले, त्यांतले सर्वांत चांगले निवडले आणि त्यांवरून पोलादी दांडे कापले. चूक पिढीगणिक कमी करत नेणे, एवढीच त्याची युक्ती. अशा लेथवर काम करणारे इतर लोकही त्या काळात होते, त्यामुळे संशोधनाचे सगळे श्रेय एकट्याला देणे बरोबर नाही. पण कारखान्यात रोज वापरता येईल असे अचूक यंत्र त्याने उभे केले हे खरे. त्याच्या कार्यशाळेत १८२५ च्या सुमारास जोसेफ व्हिटवर्थ नावाचा तरुण काम करू लागला. याच व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा करून त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये देशभरासाठी आट्यांची एकच पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंश, टोके गोल, आणि प्रत्येक जाडीला ठरलेले आटे : दोन सुताला इंचात २०, तीन सुताला १६, चार सुताला १२.

इंग्रजी रेल्वेगाड्या, गिरण्या आणि सायकलींबरोबर विलायती आट्यांची ही परंपरा हिंदुस्थानात आली. अमेरिकेने १८६४ पासून ६० अंशाचा वेगळा आटा धरला. त्यांच्या अर्धा इंची बोल्टाला इंचात तेरा आटे असतात. म्हणून विलायती नट अमेरिकन बोल्टावर एक-दोन फेरे जातो आणि थांबतो. बारा आणि तेरा यांतल्या फरकाने दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या दुरुस्ती पथकांना भरपूर छळले. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशाच्या एकत्रित आट्यावर सह्या केल्या. व्हिटवर्थचा कोन मात्र शहरी घरांतून अजून गेलेला नाही. न्हाणीघरातल्या नळाचे आटे आजही ५५ अंशांचेच असतात. अर्धा इंची नळाला इंचात चौदा.

प्रत्येक धातूची खोड वेगळी

नांगर, चरक, कडबा कापणी यंत्र आणि पुढे पंप बनवणाऱ्या कारखान्यात एकाच धातूवर काम भागत नाही. ओतीव बीड, मऊ पोलाद, पितळ, गनमेटल असे सगळेच समोर येतात आणि आटे पाडताना प्रत्येकाची खोड वेगळी निघते.

बीड ठिसूळ असते. त्याचा कीस निघत नाही, काळी भुकटी निघते, जी हात आणि नाक भरून टाकते. त्यावर तेल टाकले तर भुकटीचा चिखल होऊन टॅप अडतो, म्हणून बीड बहुधा कोरडेच कापतात. बारीक आटे पाडले तर कडा ढासळतात. म्हणून बिडाला जाड आटे. मऊ पोलाद याच्या उलट. ते चिवट, हत्याराला चिकटणारे. तेल दिले नाही तर आट्याची बाजू फाटल्यासारखी खरबरीत होते. पितळ दिसायला सर्वांत सोपे आणि नवशिक्याला सर्वांत फसवे. पोलादासाठी पाजळलेले हत्यार पितळाला लावले तर ते आत ओढले जाते आणि काम बिघडते. पितळासाठी हत्याराचे तोंड सपाट ठेवावे लागते. तांबे आणि ॲल्युमिनियम तर लोण्यासारखे हत्याराला लिंपले जातात. ॲल्युमिनियमला रॉकेल लावण्याची कार्यशाळांची जुनी रीत त्यातूनच आली.

हाताने टॅप मारणारा फिटर अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असे का करतो, हे पाहणाऱ्याला कळत नाही. मागे फिरवले की कीस तुटतो आणि वाट मोकळी होते. घाई करून सलग फिरवला की टॅप भोकातच मोडतो, आणि कठीण पोलादाचा तो तुकडा काढताना अख्खा भाग वाया जातो. ओतकाम, घासकाम, भोक पाडणे असे सगळे सोपस्कार पार पडलेले असतात आणि शेवटच्या टप्प्यावर, आटे पाडताना, माल भंगारात जातो.

यात हवामानाचीही भर पडते. एक मीटर लांबीचा पोलादी दांडा एका अंशाने तापला की सुमारे बारा मायक्रॉन वाढतो. वीस अंशांनी तापला तर पाव मिलिमीटरच्या आसपास. पितळ याहून अधिक वाढते, ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट. पत्र्याच्या छपराखाली चैत्र-वैशाखात कापलेला लांब पेच पौषातल्या पहाटे तितकाच लांब राहत नाही. म्हणूनच जगभर मापाचे तापमान २० अंश सेल्सिअस ठरवले गेले आहे.

कुंडलचा माळ

बेळगावातला जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. नवी जागा घ्यायची तर पैसा नव्हता. याच सुमारास लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानातले बांधकामाचे एक काम होते. औंधचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले होते आणि ते स्वतः चित्रकार होते. चित्रकार व्हायला निघून यंत्रांकडे वळलेल्या या माणसाची अडचण त्यांना कळली. त्यांनी संस्थानातली हवी ती जागा निवडायला सांगितले आणि दहा हजार रुपयांचे कर्ज बिनव्याजी दिले.

लक्ष्मणरावांनी निवडलेली जागा पाहून अनेकांना त्यांच्या शहाणपणाची शंका आली असेल. कुंडल रोड या छोट्या रेल्वे स्टेशनाजवळचा बत्तीस एकरांचा उजाड माळ. निवडुंग, साप आणि पाण्याची बोंब. पण माळाशेजारून रेल्वे जात होती, आणि लोखंड आणायचे व नांगर पाठवायचे तर रस्त्यापेक्षा रूळ महत्त्वाचे होते. १९१० मध्ये मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह वसाहत उभी राहू लागली. पुढे तिला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले आणि स्टेशनानेही तेच नाव घेतले. ही वाडी आज सांगली जिल्ह्यात आहे.

माळावर कारखाना काढण्यात एक तोटा होता आणि तोच पुढे फायदा ठरला. शेजारी दुसरा कोणताही कारखाना नव्हता. बोल्ट कमी पडला म्हणून गल्लीतून आणता येत नसे, टर्नर सोडून गेला म्हणून दुसरा मिळत नसे. सगळे घरीच करावे लागे आणि माणसेही घरीच घडवावी लागत. आसपासच्या खेड्यांतली, कधी यंत्र न पाहिलेली मुले इथे आली आणि फिटर, टर्नर, साचेकार झाली. शेतात वाढलेल्या मुलाला इंचाचा हजारावा भाग शिकवणे ही काही लहान गोष्ट नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या मापावर विश्वास ठेवायला शिकवावे लागते.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. परदेशी नांगरांची आयात आटली आणि किर्लोस्कर नांगराला मागणी वाढली. पण त्याच वेळी परदेशातून येणारे लोखंडही मिळेनासे झाले, कोळसा महागला. लक्ष्मणरावांनी जुने लोखंड गोळा केले. कोल्हापूर संस्थानातल्या किल्ल्यावरच्या निकामी तोफाही वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. तोफांचे नांगर हे चित्र वर्तमानपत्री लिखाणाला मोहात पाडणारे आहे खरे, पण भट्टीजवळच्या माणसाची चिंता निराळी असते. अनोळखी भंगार वितळवले की बीड कधी फार कडक निघते, कधी भुसभुशीत. आणि भोक पाडणाऱ्याला व आटे पाडणाऱ्याला ते प्रत्येक वेळी नव्याने ओळखावे लागते.

युद्धानंतर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घराघरांत गेले आणि त्यानंतर ‘स्त्री’ व ‘मनोहर’ यांची भर पडली. नांगराच्या कारखान्यातून तीन नामांकित मासिके निघावीत, याचे नवल मराठी वाचकाला सवयीने वाटेनासे झाले आहे.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले. याच वर्षी कारखान्यात मध्योत्सारी पंप तयार होऊ लागले. नांगर ढोबळ मापावर चालतो, फाळाच्या भोकात बोल्ट थोडा सैल असला तरी माती उलटते. पंपाचे तसे नसते. दांडा, त्यावर आट्यांनी आवळलेला पंखा, पाणी अडवणारी ग्लँड, सगळे एका रेषेत हवे. आटा तिरपा गेला तर पंखा डगमगतो, दांडा घासतो आणि महिनाभरात पंप बाहेर काढावा लागतो. नांगराकडून पंपाकडे आलेल्या कारखान्याला आपल्या मापाची शिस्त एक पायरी वर न्यावी लागली.

यंत्रे बनवणारे यंत्र

इथपर्यंतचा सगळा प्रवास आयात केलेल्या लेथवर चालला होता, आणि देशातल्या जवळजवळ प्रत्येक कारखान्याची हीच गत होती. लेथ विलायतेतून यायचा, त्याचा लीड स्क्रू तिथे कापलेला असायचा, आणि आपण कितीही कुशल असलो तरी आपला आटा त्या परक्या आट्याची नक्कल असायचा. बारा आट्यांचा बोल्ट कापायचा आणि लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा असेल, तर वीस दात्यांचे चाक साठ दात्यांच्या चाकाला जोडायचे. गणित सोपे आहे, सहावीतला मुलगाही करील. पण तो चार आट्यांचा मूळ दांडा मीटरभर लांबीत कुठेही न चुकता कापणे, तेही दुसऱ्यांच्या लेथवर अवलंबून न राहता, ही वेगळी पातळी होती.

दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा तोच प्रसंग आणला. जहाजे बंद, यंत्रे दुर्मिळ. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना लेथ बनवण्यासाठी उभा राहिला. लक्ष्मणराव तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. विसाव्या वर्षाच्या आसपास मुंबईच्या कार्यशाळेत परक्या यंत्रांपाशी उभा राहून ती समजून घेणारा तरुण म्हातारपणी तसलीच यंत्रे आपल्या समूहाच्या नावाने बनताना पाहत होता. बंगळुरात हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो १९५३ मध्ये. हरिहर त्याच्या बारा वर्षे आधी. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली. नांगर, पंप, इंजिन, मोटार आणि ही सर्व ज्यावर घडतात ती लेथ, अशी साखळी पुरी झाली.

यशाच्या या हिशेबात एक उणी बाजूही आहे. बेळगाव आणि किर्लोस्करवाडीच्या मालाने गावच्या सुतार-लोहाराचे काम हळूहळू काढून घेतले. ज्यांच्या कौशल्यावर शेती चालत होती त्यांतले काही कारखान्यात कामाला गेले, पुष्कळांच्या भात्यातली आग विझली. ठरावीक मापाच्या सुट्या भागाने शेतकऱ्याला पंचक्रोशीच्या बंधनातून मोकळे केले आणि कारागिराला पंचक्रोशीतच निकामी केले. लक्ष्मणरावांच्या चरित्रांतून याचा उल्लेख क्वचितच येतो.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने वजन-मापांचा कायदा संमत केला आणि देशाने मेट्रिक पद्धतीकडे वाटचाल सुरू केली. इंच गेला, मिलिमीटर आला. कारखान्यांनी ६० अंशांचे मेट्रिक आटे घेतले. बाजाराने मात्र दोन्ही ठेवले. बारा मिलिमीटरचा बोल्ट आणि चार सुताचा बोल्ट दिसायला सख्खे भाऊ, पण एकाचा नट दुसऱ्याला लागत नाही. पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच तो अडकतो. लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

हरिहरचा कारखाना या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचा काळ आला होता आणि जुन्या पद्धतीच्या लेथची मागणी ओसरली होती. तिथून बाहेर पडलेल्या एंटरप्राइज आणि टर्नमास्टर या लेथ मात्र लहान कार्यशाळांतून अजून फिरत आहेत आणि जुन्या यंत्रांच्या बाजारात विकल्याही जातात. जाणकार गिऱ्हाईक अशी लेथ घेताना रंग किंवा बिडावरचे नाव पाहत नाही. तो कॅरेज हेडस्टॉकजवळ आणतो, अर्धा नट लीड स्क्रूवर बसवतो आणि हाताने पुढे-मागे हलवून बघतो. बहुतेक आटे त्याच भागात कापले जात असल्याने लीड स्क्रू तिथेच सर्वाधिक झिजलेला असतो. किती खुळखुळा जाणवतो, त्यावर किंमत ठरते.